जुनं रूनस्केप: मतदानाने परत आलेला खेळ

रूनस्केप या ऑनलाइन खेळात लोखंडाचं खनिज काढायला पंधरावी लेव्हल लागते. कुदळ मारत राहायचं, अठ्ठावीस खणांची पिशवी भरली की भट्टीपर्यंत चालत जायचं, आणि तिथे निम्मा माल वाया जायचा. खनिज भट्टीत टाकल्यावर कांब मिळण्याची शक्यता पन्नास टक्के. नाही मिळाली तर खनिज अशुद्ध निघालं, असा एका ओळीचा निरोप. लोखंड एक आणि कोळसा दोन असं गणित जमलं की पोलाद. गोव्यात, खाणींच्या डिचोली तालुक्यातल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नसे. ज्यांच्या घरात खनिजाच्या ग्रेडवरून गप्पा चालत, ज्यांच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रकांची रांग जाई, त्यांना कमी प्रतीच्या मालाचं नवल ते काय?

हा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये सुरू झाला. केंब्रिजला शिकणारा अँड्र्यू गॉवर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी तो घडवला, आणि त्यातूनच जॅगेक्स ही कंपनी उभी राहिली. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी निव्वळ अक्षरांवर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा 'मड' हा खेळ लिहिला होता. रूनस्केप त्याच घराण्यातलं. दिसायला अगदीच साधं: झाडं म्हणजे चार त्रिकोण, माणसं म्हणजे ठोकळे. पण ते ब्राउझरमध्ये, जावावर चालायचं. सीडी नको, ग्राफिक्स कार्ड नको. अल्टिमा ऑनलाइन किंवा एव्हरक्वेस्टसारख्या नावाजलेल्या खेळांची आधी पेटी विकत घ्यावी लागे, वर दर महिन्याला क्रेडिट कार्डावरून डॉलर भरावे लागत. साखळीच्या किंवा पेडण्याच्या विद्यार्थ्याने ते कुठून आणायचे? रूनस्केपचा मोठा भाग फुकट होता.

त्याच सुमाराला गोव्यात घरोघरी संगणक पोचू लागले होते. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना 'सायबरएज' योजना आली आणि अकरावीच्या मुलांना सरकारकडून संगणक मिळू लागले. संगणक आला तरी इंटरनेट मात्र टेलिफोनच्या तारेवर अवलंबून. बीएसएनएलचा १७२२३३ लावायचा, मोडेमची किरकिर ऐकायची, आणि तेवढा वेळ घरातला फोन बंद. बिल आलं की घरी काय व्हायचं, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात वीज कडाडली की धावत जाऊन आधी तार काढायची, नाहीतर मोडेम जळालाच.

जानेवारी २००५ मध्ये डेटावन ब्रॉडबँड आलं. त्याच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद वापर होता. ही सवलत बहुतेकांनी गाणी आणि सिनेमे उतरवण्यासाठी वापरली. पण रात्री दोनचा गजर लावून उठणाऱ्याला आणखी एक लाभ होता. हिवाळ्यात आपले रात्रीचे दोन म्हणजे इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेआठ. तिकडची पोरं जेवून संगणकासमोर बसायची ती हीच वेळ. पेडण्यात कुत्रंही भुंकत नसताना पडद्यावरच्या वॅरॉक शहरात पाय ठेवायला जागा नसायची.

त्या गर्दीत कामं होती. बाजारपेठ नावाची सोय तेव्हा खेळात नव्हतीच. झिंगे पकडले, लाकूड तोडलं, चिलखत घडवलं, तर गिऱ्हाईक आपणच शोधायचं. ठरलेल्या सर्व्हरवर, बँकेच्या दारात उभं राहून, रंगीत अक्षरांत ओरडत राहायचं. भाव कुठेही लिहिलेला नसे, तो घासाघीस करून ठरायचा. फसवणूकही भरपूर. 'तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो' असं म्हणत कुणी गोड बोलायचा, आणि चिलखत हातात पडताच पसार व्हायचा. सौदा पक्का करण्याआधी दुसऱ्यांदा विचारणारी खिडकी असे, तरीही लबाड्या चालत. बारावीच्या इंग्रजीत जेमतेम पास होणारी मुलं इथे इंग्रजीत भाव ठरवत होती, भांडत होती, मैत्री करत होती. शाळेने जे शिकवलं नाही ते या बँकेच्या दाराने शिकवलं, असं मी मनापासून म्हणतो.

मग २६ नोव्हेंबर २००७ रोजी 'ग्रँड एक्स्चेंज' सुरू झालं. वस्तू ठेवा, किंमत लिहा, आपल्या कामाला लागा. विकली की पैसे जमा. सोय मोठीच झाली आणि बँकेसमोरचा आरडाओरडा संपला. पाठोपाठ १० डिसेंबरला 'वाइल्डरनेस' या भागातली खेळाडूंची आपसातली खुली लढाई काढून टाकली आणि २ जानेवारी २००८ पासून देवाणघेवाणीवर बंधनं आली. कंपनीची अडचण खरी होती. खेळातलं सोनं खऱ्या पैशांना विकणारे धंदेवाईक चोरीची क्रेडिट कार्डं वापरत आणि भुर्दंड जॅगेक्सला बसे. तरीही चोरांना बाहेर काढताना घरच्यांच्याही हातापायांत बेड्या पडल्या. मित्राला तलवार भेट देता येईना. ती बंधनं उठली १ फेब्रुवारी २०११ रोजी, बारा लाख मतांच्या कौलानंतर. पण २० नोव्हेंबर २०१२ ला लढाईची पद्धतच मुळापासून बदलली आणि कित्येक जुनी माणसं उठून गेली.

पुढे जे घडलं त्यासाठी मला या खेळाबद्दल आदर आहे. कंपनीच्या साठ्यात ऑगस्ट २००७ ची एक पूर्ण प्रत सापडली. ती सुरू करायची का, हे त्यांनी खेळाडूंनाच विचारलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि मतदान चालू असतानाच, २२ फेब्रुवारी २०१३ रोजी, 'ओल्ड स्कूल रूनस्केप' उघडलं. नियम असा की नवं काही घालायचं तर खेळाडूंचं मतदान होणार. ७५ टक्के पाठिंबा असेल तरच ते खेळात येणार. पुढे ही अट ७० टक्क्यांवर आणली गेली. आणि गंमत म्हणजे २०१५ साली याच जुन्या मंडळींनी मत देऊन ग्रँड एक्स्चेंज परत आणलं. म्हणजे त्यांचं भांडण सोयीशी नव्हतंच. न विचारता ती लादली गेली याच्याशी होतं. ऑक्टोबर २०१८ पासून तेच जग मोबाइलवर, त्याच खात्याने चालतं. आज मूळ रूनस्केपपेक्षा या जुन्याकडे जास्त गर्दी असते. ब्लिझार्ड या कंपनीला हे उमजायला उशीर झाला. जुनं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट मागणाऱ्यांना त्यांनी २०१३ साली जाहीर व्यासपीठावरून उडवून लावलं, चाहत्यांनी चालवलेला नोस्टॅलरियस सर्व्हर २०१६ मध्ये बंद पाडला, आणि शेवटी २७ ऑगस्ट २०१९ रोजी स्वतःच 'क्लासिक' काढलं.

जुनं हवं म्हणजे हरवलेलं तारुण्य हवं, एवढंच कारण अनेक जण सांगतात. मला ते अपुरं वाटतं. पेडण्यात दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला खरं कारण लवकर कळेल. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. त्या रात्रीचं आख्यान नटांना थोडक्यात सांगितलं जातं, तोंडाला रंग ज्याने त्याने स्वतः लावायचा, आणि मग रंगमंचावर समोरचा राजा काय बोलेल त्यावर आपलं उत्तर. मागे एक बाक आणि पडदा. बाकीचं सगळं नटाच्या जिभेवर. आता ट्रिकसीनचे प्रयोग आले, धूर आला, दिव्यांचे खेळ आले आणि त्यांनाही गर्दी होते. पण देवळासमोर पहाटेपर्यंत बसणारे जुने रसिक संवाद ऐकायलाच बसतात. जुन्या रूनस्केपमध्येही खेळाने फारसं काही पुरवलं नव्हतं, म्हणून माणसांना एकमेकांशी बोलावं लागलं. लोकांनी मत देऊन परत मिळवलं ते हे बोलणं.

सगळंच मात्र परत मिळत नाही. २००१ चं पहिलं, 'क्लासिक' म्हणून राहिलेलं रूनस्केप ६ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झालं. जुन्या यंत्रणेवर ते सुरक्षित चालवणं शक्य राहिलं नव्हतं. २००७ चं वाचलं, कारण कुणीतरी एक प्रत जपली होती. आणि कंपनीच्या प्रतीतही सगळं नसतंच. पडद्याचे काढलेले फोटो, मित्रांशी झालेल्या गप्पा, वहीत उतरवलेले भाव हे खेळाडूंच्याच घरी राहिलं. तेव्हा डिचोली-पेडण्यातल्या वाचकांना एक सांगणं आहे. माळ्यावर सायबरएजचा तो जुना संगणक अजून पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या आणि आत काय आहे ते एकदा उघडून बघा.