वॉशिंग्टनचा बेत उधळणारा जहाजबांधणारा

६ एप्रिल १७८९. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षपदाची मतं मोजली गेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन निवडून आले. मोजणीसाठी सिनेटने ज्यांना आपलं अध्यक्ष नेमलं होतं, ते जॉन लँग्डन मूळचे जहाजं बांधणारे. वॉशिंग्टन यांना निवडीचं पत्र गेलं ते त्यांच्याच सहीने. दहा वर्षांनी याच लँग्डननी वॉशिंग्टन यांचा एक बेत उधळून लावला.

लँग्डन यांचा जन्म १७४१ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावचा. वडील शेतकरी, पण मुलाला ओढ समुद्राची. एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब शिकून ते जहाजावर चढले आणि ऐन तारुण्यात कप्तान झाले. मग स्वतःची जहाजं आली, पैसाही आला.

इंग्रजांच्या जाचक नियमांनी हाच व्यापार जखडला, तेव्हा हा श्रीमंत माणूस बंडखोर झाला. डिसेंबर १७७४ मध्ये, युद्धाला तोंड फुटायच्या आधीच, गावकऱ्यांना घेऊन त्यांनी बंदराच्या तोंडावरच्या इंग्रजी किल्ल्यातली बंदुकीची दारू पळवली.

युद्धात त्यांच्या देखरेखीखाली पिस्काटक्वा नदीकाठी लढाऊ जहाजं तयार झाली. १७७६ मध्ये ३२ तोफांचं ‘रॅले’, पुढच्या वर्षी ‘रेंजर’. ‘रेंजर’चे कप्तान जॉन पॉल जोन्स आणि लँग्डन यांचं जहाजाच्या सामानावरून चांगलंच वाजलं. शेवटी जहाज निघालं, आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रेंच आरमाराने त्यावरच्या अमेरिकन झेंड्याला तोफांची सलामी दिली. तिसरं, ७४ तोफांचं ‘अमेरिका’, पैशांअभावी वर्षानुवर्षं रखडलं. १७८२ मध्ये पाण्यात उतरलं ते फ्रान्सला भेट देण्यासाठीच! काही वर्षांतच त्याचं लाकूड कुजलं आणि फ्रेंचांनी ते मोडीत काढलं.

राज्याचं प्रमुखपद लँग्डननी अनेकदा सांभाळलं. १७८७ मध्ये संविधान सभेला प्रतिनिधी पाठवायला राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता, तर त्यांनी आपला आणि सहकारी निकोलस गिलमन यांचा खर्च खिशातून केला. त्या संविधानावर त्यांची सही आहे. दुसऱ्या राज्यात पळून गेलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करावं, असं कलमही त्यात होतं.

हेच कलम पुढे त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं. मार्था वॉशिंग्टन यांची दासी ओना जज हिला नातीच्या लग्नाची भेट म्हणून देण्याचं ठरलं होतं. ते कळताच १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियातून जहाजाने पळाली आणि थेट पोर्ट्समथला पोहोचली. तिथे रस्त्यात तिला कुणी ओळखावं? लँग्डन यांची मुलगी एलिझाबेथ हिने! दोन्ही कुटुंबांचा घरोबा होता. ओनाचा पत्ता लागला, पण गुलामगिरीत परतायला तिने साफ नकार दिला.

ऑगस्ट १७९९ मध्ये मार्थाबाईंचा भाचा बरवेल बॅसेट पोर्ट्समथला आला आणि लँग्डन यांच्याकडेच उतरला. बोलता बोलता त्याने सांगून टाकलं, की ओनाला आणि तिच्या तान्ह्या मुलीला गरज पडली तर जबरदस्तीने न्यायचं आहे. तिचा नवरा खलाशी होता आणि तेव्हा समुद्रावर गेला होता. एका बाजूला जुना स्नेह, पाहुणा आणि स्वतः सही केलेला कायदा. दुसऱ्या बाजूला एक एकटी आई. लँग्डननी तिला गुपचूप निरोप पाठवला. ती मुलीला घेऊन जवळच्या ग्रीनलँड गावी निघून गेली आणि बॅसेट हात हलवत परतला. त्याच डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन वारले.

ओना १८४८ पर्यंत जगली. तिला परत कुणी नेऊ शकलं नाही, पण कागदोपत्री तिची सुटकाही कधी झाली नाही.

लँग्डन १८०५ पासून पुन्हा गव्हर्नर झाले. १८१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी चालून आली, ती वयाचं कारण देऊन त्यांनी नाकारली. १८१९ मध्ये त्यांचं निधन झालं. पोर्ट्समथच्या प्लेझंट स्ट्रीटवरची त्यांची हवेली आता संग्रहालय आहे.