चौकोन लहान होत गेला

‘पालघर जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट’ अशी बातमी आली की वसई-विरारकर आधी आभाळाकडे बघतात आणि मग काय ते ठरवतात. हवामान खात्यावर राग आहे असं नाही, जिल्हाच तसा आहे. जव्हार-मोखाड्याचा डोंगर आणि अर्नाळ्याचा किनारा एकाच रंगात रंगवला, तर कुणाच्या वाट्याला किती पाऊस येणार हे कळायचं कसं? कुणाचे बोंबील वलांडीवर वाळत असतात, कुणाचा भात कापून शेतात पडलेला असतो. त्यांना अंदाज हवा असतो तो आपल्या गावापुरता. तसा अंदाज आज थोडाफार आवाक्यात येऊ लागलाय, आणि त्याला साठ वर्षं लागली आहेत.

अडचण मुळात गणिताची. हवामानाचं प्रारूप पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकोनात वारा, दाब, तापमान, बाष्प यांचा हिशेब मांडतं. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ च्या आपल्या पुस्तकात हे हाताने करून दाखवलं. उत्तर चुकलं, पण पद्धत टिकली. जगभराचं हवामान वेळेत मोजायचं तर ६४,००० माणसं एका सभागृहात बसवावी लागतील, असं त्याने लिहून ठेवलं. चौकोनाची बाजू निम्मी केली तर काम आठपट वाढतं, कारण चौकोन चौपट होतात आणि काळाची पावलंही निम्म्याने आखूड घ्यावी लागतात. एवढी आकडेमोड एकट्या संस्थेच्या खिशाला परवडत नाही. म्हणून हा मागोवा सामायिक यंत्रांचाही आहे.

पुण्यात १७ नोव्हेंबर १९६२ ला उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासासाठी संस्था सुरू झाली. तीच आजची आयआयटीएम. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळातला बलाढ्य संगणक आला आणि देशभरातल्या संस्था-विद्यापीठांना खुला झाला. पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांची गणितंही त्याच्यावर सुटली. त्या पिढीचा संगणक म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा आणि आपली पाळी येण्याची वाट.

पुढचा टप्पा अपमानाचा. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. बरीच घासाघीस होऊन मिळाला तो मागितल्यापेक्षा लहान, एक्सएमपी-१४, तोही हवामानाच्या कामापुरता. तो दिल्लीला गेला. १९८८ मध्ये पुण्यात देशी महासंगणक बांधायला सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आपलं यंत्र आपण बांधू शकतो, हे तिथे सिद्ध झालं.

लहान चौकोन कशाला हवेत, हे २६ जुलै २००५ ने दाखवलं. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आहे आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला अवघा ७३. मोठ्या चौकोनाला हा फरक दिसूच शकत नाही. पुढच्या वर्षांत आयआयटीएममध्ये २०१३ ला ‘आदित्य’ महासंगणक आला, ७९० टेराफ्लॉपचा. जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’, चार पेटाफ्लॉपचा, म्हणजे चार हजार टेराफ्लॉपचा, सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी करणारा. नोएडातल्या ‘मिहिर’शी त्याची जोडी होती. जागतिक प्रारूपाचा चौकोन १२ किलोमीटरवर आला.

त्याच वर्षीच्या जुलैत वसई-विरार बुडालं. नालासोपाऱ्यात वडोदरा एक्स्प्रेस अडकली, मिठागरात शेकडो माणसं पाण्याने वेढली गेली, काही भागांत सलग काही दिवस वीज नव्हती. नंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांची सत्यशोधन समिती नेमली. पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव राखा, असं तिने सुचवलं. बुजवलेल्या पाणथळ जागा आणि अरुंद नाले कुठलाच महासंगणक मोकळे करत नाही, हे त्या पुराने शिकवलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात ‘अर्का’ आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा. २६ मे २०२५ ला त्याच्या जोरावर ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली, चौकोन ६ किलोमीटरचा. आपल्या तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर अर्नाळ्यापासून तुंगारेश्वरपर्यंतची पंधरा-अठरा किलोमीटरची पट्टी पूर्वी एक-दोन चौकोनांत संपायची, आता तीन चौकोनांत बसते. किनारा, वाड्यांचा सखल पट्टा आणि डोंगर वेगळे दिसायला लागले. एकाच गावातल्या दोन पाड्यांना एकमेकांपासून वेगळं करायला मात्र हाही चौकोन मोठाच आहे.

यंत्रं मोठी होत असताना त्यांची दारंही रुंदावली. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमुळे महासंगणक शिक्षणसंस्थांत गेले. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरला परम ब्रह्म मिळाला. डब्ल्यूआरएफ हे प्रादेशिक प्रारूप तर फुकट आहे. एखाद्या तालुक्याएवढा भाग असेल तर ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या बऱ्यापैकी संगणकावरही चालतं. वसई-विरारमध्ये अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, म्हणजे शिकायला मुलंही आहेत.

कमी पडते ती जमिनीवरची माहिती. मुंबई महापालिकेसाठी जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, नाले आणि जमिनीचा चढउतार एकत्र मांडून कुठल्या भागात किती पाणी चढेल, हे ती सांगते. खाडी ओलांडली की वसई-विरारलाही हेच चारही प्रश्न आहेत. पुण्याचा संगणक आपला पाऊस मोजून देईल, पण सोपाऱ्याचा नाला किती रुंद उरलाय आणि भरतीच्या वेळी त्याचं पाणी किती मागे येतं, हे त्याला कोण सांगणार? महापालिकेने प्रभागवार पर्जन्यमापकं लावावीत, त्यांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवाव्यात आणि त्यांवर काम करायला इथल्याच विद्यार्थ्यांना बसवावं. साठ वर्षांत यंत्र सामायिक झालं. आता नोंदी सामायिक करायची पाळी आपली आहे, आणि त्याला पेटाफ्लॉप लागत नाही.