यात्रेचा पट घरच्या भिंतीवर

चातुर्मास संपल्यावर कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. ज्यांना त्या दिवशी पालिताण्यास जाणे शक्य नसते, ते श्वेतांबर श्रावक-श्राविका आपल्याच गावी शत्रुंजयाचा पट मांडून त्यासमोर वंदन करतात. कापडावर रंगविलेल्या या पटात तळेटीपासून शिखरापर्यंतची वाट, कुंडे, मंदिरे आणि चढून जाणारे यात्रेकरू दिसतात. एका अर्थी तो मार्गाचा नकाशाच; मात्र कोसांचे माप तेथे पाळलेले नसते. मुख्य मंदिर मोठे आणि दूरची वाट आखूड, हीच त्या चित्रकारांची मोजपट्टी.

आज अनेक कुटुंबे स्वतःच्या वाहनाने तीर्थयात्रा करतात. शेकडो छायाचित्रे भ्रमणध्वनीत साठतात आणि महिन्याभरात विस्मरणातही जातात. अशा प्रवासाचा शोभिवंत नकाशा घरी तयार केला, तर जुन्या पटाची परंपरा नव्या रूपात घरात नांदेल.

उदाहरणादाखल बाहुबलींच्या दर्शनाचा मार्ग घेऊ. पुण्याहून निघून सातारा, कराडमार्गे कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री यावे. १९६३ साली प्रतिष्ठापित झालेली तेथील संगमरवरी मूर्ती २८ फूट उंच आहे. पुढे बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमल बस्ती, मग हुबळी, चित्रदुर्गमार्गे श्रवणबेळगोळ. तेथून हासन, सकलेशपूर आणि शिराडी घाट उतरून धर्मस्थळ. नंतर वेणूर, मूडबिद्री आणि शेवटी कारकळ. पाच बाहुबली, एक घाट आणि दोन राज्ये एकाच पटावर येतात.

साहित्य साधेच हवे. सुमारे तीन फूट लांब मांजरपाट धुऊन, पातळ खळ देऊन इस्त्री करावा. खळीमुळे रंग पसरत नाही. प्रथम पेन्सिलीने रस्ता आखावा. सरळ रेघेपेक्षा नागमोडी वाट बरी, कारण तिच्या वळणांत चित्रांना जागा मिळते. रस्ता रंगविण्याऐवजी लाल दोऱ्याने धावदोरा घातला, तर सुईकाम जाणणाऱ्या आजीबाईंचा हातही पटाला लागतो. नद्या निळ्या, घाट हिरवा, गावांची नावे घरातील ज्याचे अक्षर सुवाच्य त्याने लिहावीत.

अंतराला प्रमाण नसले तरी चालेल, मूर्तींच्या उंचीला मात्र असावे. एका फुटास एक मिलिमीटर धरल्यास कुंभोज २८, वेणूर ३५, धर्मस्थळ ३९, कारकळ ४२ आणि श्रवणबेळगोळ ५७ मिलिमीटर होते. पाचही स्थाने या मापाने शेजारी आली की मुलांना भव्यतेचा अर्थ न सांगता कळतो. प्रत्येकाखाली साल लिहावे: कारकळ १४३२, वेणूर १६०४, धर्मस्थळ १९८२. श्रवणबेळगोळची मूर्ती चामुंडरायाने ९८१ च्या सुमारास घडवून घेतली. तिच्या पायाशी मराठीतील एक अतिप्राचीन शिलालेख आहे. मराठी घराच्या पटावर त्याची खूण अवश्य हवी.

मर्यादेचे भानही राखावे. ज्या घरांना भगवंताचे चित्र स्वतः काढणे प्रशस्त वाटत नाही, त्यांनी त्याच उंचीचे शिखर वा चरणचिन्ह काढावे. पट जमिनीवर अंथरू नये, पाय लागेल वा पादत्राणे असतील अशा जागी लावू नये. आशातना टाळणे हाही या कलेचाच भाग आहे.

काय काढावे, यापेक्षा काय वगळावे हे ठरविणे अवघड असते. टोलनाके आणि उपाहारगृहे सहज गाळता येतात. परंतु सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे म्हणून जेथे गाडी थांबवून घरचा डबा उघडला ते झाड, विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर लेकराने पहिल्यांदा विसावा मागितला ती जागा, वाट दाखविणारा अनोळखी वृद्ध, यांना पटावर कोपरा मिळायला हवा. यासाठी घरातील सर्वांनी एकत्र बसून आठवणी जुळवाव्या लागतात. थोरांना एक आठवते, धाकट्यांना दुसरे. त्या गप्पांतूनच पट पुरा होतो.

आख्यायिका सांगते, चामुंडरायाच्या मातेने पौदनपूरच्या बाहुबलींच्या दर्शनाचा ध्यास घेतला होता. तेथे पोहोचणे घडले नाही, म्हणून मुलाने वाटेतच शिळेतून मूर्ती साकारली. व्यापारी घरात यात्रेला सगळे कधीच एकत्र निघत नाहीत. कोणी दुकान सांभाळते, कोणी गुडघ्यांमुळे घरी राहते, कोणी रुग्णाजवळ बसते. पट प्रथम त्यांच्यासाठी आहे. तो त्यांच्या बसण्याच्या जागेसमोर, त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावावा आणि लाल दोऱ्यावर बोट ठेवून त्यांना पुण्यापासून कारकळपर्यंत न्यावे. भावयात्रेचे पुण्य मोठे मानले आहे. पट त्या भावयात्रेची वाट मोकळी करतो.