मोटारींचा 'पर्ल' रंग आणि दुरुस्तीतील रंगमेळाची समस्या

अपघातानंतर पांढऱ्या 'पर्ल' रंगाच्या मोटारीचे दार रंगवून येते. गॅरेजमधील ट्यूबलाइटखाली ते निर्दोष दिसते. परंतु उन्हात दार निराळे व शेजारचा फेंडर निराळा भासतो. वास्तविक रंगाचा संकेतांक तोच असतो. हा भेद कशामुळे उद्भवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साधे रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते व उरलेला परावर्तित करते. पर्ल रंगात मात्र अभ्रकाच्या सूक्ष्म, चपट्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवलेला असतो. या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन रंग निर्माण होतो. थराची जाडी सुमारे ४० ते ६० नॅनोमीटर असल्यास रुपेरी शुभ्र झळाळी येते. १०० नॅनोमीटरपलीकडे निळसर व पुढे हिरवट छटा उमटते. (साबणाच्या फुग्यावरील रंगांमागेही हेच तत्त्व आहे.) पाहण्याचा कोन बदलताच छटा बदलते, तीही यामुळेच.

अशा गाडीवर बहुधा तीन थर असतात : खाली अपारदर्शक रंग, मध्ये अर्धपारदर्शक पर्ल व वर क्लिअर कोट. मधल्या थराचे किती हात मारले, यावर अंतिम छटा ठरते. स्प्रे गनचा दाब, तिचे पृष्ठभागापासूनचे अंतर आणि थराचा ओलेपणा यांनुसार पापुद्र्यांची मांडणीही बदलते. म्हणून संकेतांक ही केवळ पाककृती होय. जाणता पेंटर प्रथम पत्र्याच्या तुकड्यावर खालचा रंग मारतो. मग कागदाने भाग झाकत एक, दोन, तीन, चार असे पर्लचे हात देतो व सर्वांवर क्लिअर कोट चढवतो. सुकलेला तुकडा गाडीशेजारी धरून तो दिवसाच्या प्रकाशात समोरून आणि तिरक्या नजरेने पाहतो. विविध कोनांतून रंग मोजणारी उपकरणे उपलब्ध आहेत. तथापि ती सूत्र सुचवितात, हात चालवीत नाहीत.

इतके करूनही तंतोतंत मेळ क्वचितच साधतो. त्यामुळे पर्लचा थर शेजारच्या अखंड भागावर विरळ करीत नेतात आणि त्या संपूर्ण भागावर क्लिअर कोट देतात. सीमारेषाच न उरल्याने डोळ्यास फरक जाणवत नाही. न बिघडलेल्या भागाचे पैसे कशासाठी, असा आक्षेप येथेच ग्राहक घेतात. माझ्या मते हा खर्च दुरुस्तीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे. प्रस्तुत लेखकानेही एकदा तोच आक्षेप घेऊन केवळ दार रंगवून घेतले होते. तो फरक आजही उन्हात दिसतो.