आतले सेल सगळ्यांचे सारखेच

सांगलीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. "बॅटरी बसली" म्हणत जुना लॅपटॉप घेऊन कुणी आलं, की मी त्याला एक उघडलेला पॅक दाखवते. आत सहा गोल सेल असतात. 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी, म्हणून नाव 18650. हे माप जगभर एकच. टॉर्चमध्ये, पॉवर बँकेतही हेच सेल. कंपनीगणिक बदलतं ते वरचं कवच, पिना आणि आतली चिप. एक जोडी कमजोर झाली की चिप अख्खा पॅक बंद करते आणि चार धडधाकट सेल भंगारात जातात. याचा मला खरंच राग येतो.

कारण वेगळं करता येतं, हे पूर्वीच सिद्ध झालंय. 1983 साली अमेरिकेत आलेला टँडीचा 'मॉडेल 100' चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचा. बातमीदारांचा तो लाडका होता. सेल संपले की कुठल्याही दुकानातून नवे घ्यायचे, नाहीतर चार्ज होणारे घालायचे.

चार्ज होणाऱ्या सेलचा स्वभाव मात्र वेगळा. साधा अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टपासून हळूहळू उतरतो. निकेल मेटल हायड्राइडचा सेल 1.2 च्या आसपास बराच वेळ टिकतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून 'बॅटरी संपत आली' असा इशारा मिळाल्यावर फारसा वेळ उरत नाही. एचपीच्या 200एलएक्स या खिशातल्या संगणकात तर कोणत्या जातीचे सेल घातलेत हे सांगायची सोय होती, आणि चार्ज होणारे सेल आतच चार्ज व्हायचे.

आजच्या लॅपटॉपला पेन्सिल सेल पुरणार नाहीत, हेही खरं. 2000 एमएएचच्या एका सेलमध्ये सुमारे 2.4 वॉट-तास ऊर्जा मावते. 48 वॉट-तासांच्या पॅकसाठी असे वीस सेल लागतील. तेवढीच ऊर्जा सहा 18650 देतात. मग तेच सुटे का बसवू नयेत? बर्लिनच्या 'एमएनटी रिफॉर्म' लॅपटॉपमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ 18650 सेल एकेक करून बदलता येतात. लॅपटॉप थोडा जाड होतो, एवढंच. मला ती जाडी मान्य आहे.

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये कंपनीच्या मापाचे चपटे सेल येतात, त्यामुळे तोही मार्ग बंद होत चाललाय. युरोपीय संघाने मात्र फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता यावी, असा नियम केला आहे.

बंद पॅक घरी फोडू नका. शॉर्ट झालेला लिथियम सेल पेट घेतो. पण नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या आधी दुकानदाराला हे विचारा: बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का, आणि पाच वर्षांनी ती मिळेल का?