थांब आणि पेट घे!

मंडळी, प्रोसेसरला शब्द कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून इंजिनीअर लोक प्रत्येक आज्ञेच्या आकड्याला दोन-चार अक्षरांचं टोपणनाव देतात. हे नाव फक्त माणसासाठी. असेंब्लर नावाचा प्रोग्रॅम त्याचा पुन्हा आकडा करतो आणि नाव तिथंच गळून पडतं. नाव काहीही ठेवा, यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणूनच इथं थट्टेला जागा मिळाली.

सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे एचसीएफ, 'हॉल्ट अँड कॅच फायर'. थांब आणि पेट घे! मोटोरोलाचा ६८०० हा १९७४ सालचा प्रोसेसर. त्यात आज्ञेचा आकडा एका बाइटचा, म्हणजे २५६ आकडे शक्य. त्यातल्या १९७ आकड्यांना कंपनीनं अर्थ दिलेला होता. मग उरलेले ५९ दिले तर काय होईल? गेरी व्हीलर यांनी याबद्दल 'बाइट' मासिकाच्या डिसेंबर १९७७ च्या अंकात लिहिलं, आणि त्यातल्या ९डी आणि डीडी या दोन आकड्यांना हे नाव दिलं.

प्रत्यक्षात आग वगैरे काही लागत नाही हो. गंमत म्हणजे चिप थांबतही नाही! ती मेमरीचे पत्ते ओळीनं वाचत सुटते. ०, १, २ असं करत ६५,५३५ पर्यंत, आणि पुन्हा शून्यापासून. वाचलेल्याचं करत मात्र काहीच नाही. रीसेटचं बटण दाबल्याशिवाय सुटका नाही. पण हेच हार्डवेअर तपासणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. ऑसिलोस्कोप लावा, पत्त्याच्या सोळा तारांपैकी प्रत्येक तार आधीच्या तारेच्या निम्म्या वेगानं वरखाली होताना दिसायला हवी. एखादी गप्प बसली, की समजा तिथं टाका तुटलाय.

आता हसण्यापलीकडचा भाग बघा. प्रोग्रॅम चुकून भलत्या जागी उडी मारून डेटामध्ये शिरला आणि तिथं ९डी असेल, तर चिप तो आज्ञा म्हणूनच घेणार. मग तिच्या ताब्यातली मोटर चालू असेल तर चालूच राहील, बंद करायला कोणी जागेवर नाही! म्हणून अशा यंत्रांत वॉचडॉग नावाचं वेगळं घड्याळ ठेवतात. प्रोसेसरकडून ठरावीक वेळात खूण आली नाही, तर ते स्वतःच त्याला रीसेट करतं. आणि ही जुनी गोष्ट समजू नका. १९९७ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये असाच दोष सापडला. कसलाही खास अधिकार नसलेला साधा प्रोग्रॅमसुद्धा चार बाइटांत अख्खं मशीन गोठवू शकत होता.

दुसरं नाव घेताना वर्गात नेहमी खसखस पिकते. मोटोरोलाच्या ६८०९ मध्ये 'साइन एक्स्टेंड'चं लघुरूप केलंय एसईएक्स. काम अगदी सोवळं आहे. आठ बिटांत उणे ५ म्हणजे ११११,१०११. सोळा बिटांत नेताना पुढं नुसती शून्यं लावली तर त्याचे अधिक २५१ होतात. म्हणून चिन्हाचा १ पुढच्या आठही घरांत भरायचा. आरसीएच्या १८०२ मध्येही हीच तीन अक्षरं आहेत, पण तिथं अर्थ 'सेट एक्स', म्हणजे सोळातलं कोणतं रजिस्टर वापरायचं ते ठरवणं. ही चिप 'गॅलिलिओ' यानातून गुरूपर्यंत गेली. अर्थात नाव पृथ्वीवरच राहिलं, गेला तो आकडा.

काही विनोद मात्र कोणी ठरवून केलेलेच नाहीत. पीडीपी-१० या संगणकात 'जंप' नावाची आज्ञा आहे, आणि ती उडी मारत नाही! कारण असं, की उडी कधी मारायची याची अट तीन बिटांत लिहिलेली असते: ऋण असेल तर, शून्य असेल तर, वगैरे. आठ जागा झाल्या, तेव्हा 'नेहमी'लाही जागा आणि 'कधीच नाही'लाही. तिन्ही बिट शून्य म्हणजे 'कधीच नाही', आणि नुसतं जंप लिहिलं की नेमकं तेच मिळतं. नेहमी उडी हवी तर 'जंपए' लिहायचं. नवखा माणूस जंप लिहितो, असेंब्लर तक्रार करत नाही, आणि प्रोग्रॅम शांतपणे पुढच्या ओळीवर जातो.