पॉलिमर क्ले आणि गंधाचे बिऱ्हाड

पॉलिमर क्लेचे मातीशी नाते केवळ नावापुरते आहे. पीव्हीसी या प्लास्टिकची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हा तेलकट द्रव आणि रंगद्रव्ये यांचे हे मिश्रण कणकेसारखे मळता येते, आणि ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजले की भुकटीचे कण तो द्रव शोषून एकमेकांत मिसळतात व वस्तू कायमची घट्ट होते. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांची कन्या सोफी, म्हणजे घरची फिफी, हिने या द्रव्याला हस्तकलेचे रूप दिले. १९६४ साली ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले आणि ‘फिमो’ या नावाने जगभर पोहोचले.

या क्लेतून नखाएवढा केकचा तुकडा किंवा लिंबाची फोड इतकी हुबेहूब साकारते की पाहणारा ती नकळत नाकाशी नेतो, आणि गंधाचा प्रश्न तिथेच उभा राहतो. त्याचे सरळ वाटणारे उत्तर, म्हणजे मळतानाच सुगंधी तेलाचे चार थेंब घालणे, दोन बाजूंनी फसते. लिंबू-संत्र्याच्या तेलातील लिमोनीन मुळात एक द्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारा द्रव असल्याने क्ले चिकट व ढिली पडते. शिवाय दोरीवरचे कपडे पाणी न उकळताही वाळतात, त्याच न्यायाने १७६ अंशांना उकळणारे हे लिमोनीन त्याहून कमी तापमानाच्या ओव्हनमध्येही बरेचसे उडून जाते. व्हॅनिलाच्या गंधाचा मुख्य घटक व्हॅनिलिन मात्र अतिशय सावकाश उडतो, म्हणून तो भाजणीत तुलनेने टिकतो.

तेलाऐवजी दालचिनी, लवंग किंवा कॉफीची कोरडी पूड मळण्याची रीत अधिक सुरक्षित आहे. तीत गंध मंद असला तरी पुडीच्या कणांनी उमटणारी बदामी छटा आणि खरखरीत पोत बिस्किटासारख्या वस्तूंना फार शोभतो. पूड अधिक झाली तर मात्र वस्तू ठिसूळ होते.

खरी अडचण पदार्थाच्या स्वभावात आहे. मातीचा माठ सच्छिद्र असतो, त्यामुळे त्याच्या भिंतींतून पाणी झिरपते आणि मातीचा वास बाहेर येत राहतो. भाजलेल्या पॉलिमर क्लेला अशी छिद्रे नसल्याने आत राहिलेला गंध जवळजवळ कोंडला जातो आणि वर वार्निशचा हात दिला की उरलीसुरली वाटही बंद होते. म्हणून गंध क्लेत कालवण्यापेक्षा, माठात वाळ्याची जुडी सोडावी तसे त्याला वस्तूच्या पोटात वेगळे बिऱ्हाड देणे हाच या कलेतला सर्वांत समंजस मार्ग ठरतो.

त्यासाठी पोकळ मणी घडवतात. गोल साच्यावर पातळ लाटलेल्या क्लेच्या दोन वाट्या भाजून, कडा घासून, ताज्या क्लेच्या बारीक वळीने सांधतात आणि पुन्हा भाजतात. मात्र दुसऱ्या भाजणीआधी भोके पाडलेली असावी लागतात, नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि सांधा उकलतो. मणी पूर्ण थंड झाल्यावर एका भोकातून लोकरीच्या नमद्याचा छोटा तुकडा आत सरकवून त्यावर तेलाचा एकच थेंब सोडतात. तेल नमद्यातच मुरते, क्लेला लागत नाही, आणि वास ओसरला की थेंब पुन्हा देता येतो.

दालचिनीच्या तेलाने कातडीला दाह होऊ शकतो, म्हणून गळ्यात घालायच्या मण्यात ते टाळलेले बरे. खाद्यपदार्थासारखी दिसणारी आणि तसाच वास येणारी वस्तू लहान मुलाच्या तोंडात जाण्याचा धोका तर याहून गंभीर आहे. रूप, रंग वा गंधामुळे खाद्य समजल्या जाऊन अपाय करू शकणाऱ्या वस्तूंच्या विक्रीला युरोपीय समुदायाने १९८७ च्या निर्देशाने मनाई केली, आणि त्यात गंधाचा स्वतंत्र उल्लेख होता. केकच्या तुकड्याला व्हॅनिलाचा वास देण्यापेक्षा पानाफुलांच्या नक्षीच्या मण्यात वाळा किंवा चंदन ठेवणे म्हणूनच अधिक जबाबदारीचे आहे, आणि सावकाश उडणारे हे दोन्ही गंध नमद्यात रेंगाळतातही बराच काळ.